साठीनंतरचे सहजीवन आणि दवाखान्यातले मौन

घरोघर फिरणाऱ्या आशाताईंकडे एक छापील फॉर्म असतो. त्याला त्या 'सीबॅक फॉर्म' म्हणतात. तीस वर्षांपुढच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे व्यसन, तोंडातले चट्टे यांविषयी प्रश्न विचारून तो भरायचा असतो. स्त्रियांसाठी त्यात आणखी काही प्रश्न आहेत. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होतो का? शरीरसंबंधानंतर रक्त जाते का? अंगावरून दुर्गंधी येणारे पाणी जाते का? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाहूल वेळेवर लागावी म्हणून हे प्रश्न तिथे ठेवलेले आहेत.

या फॉर्मला वयाची वरची मर्यादा नाही. परंतु समोर पासष्ट वर्षांची आजी बसलेली असेल, शेजारी सून उभी असेल, तर शरीरसंबंधाचा प्रश्न विचारायला तोंड उघडत नाही. 'या वयात तिला हे काय विचारायचे' असे मनात येते आणि प्रश्न न विचारताच 'नाही'च्या रकान्यात खूण होऊ शकते. फॉर्म पूर्ण भरलेला दिसतो. आजीला खरोखरच त्रास होत असेल तर तो मात्र कुठेच नोंदला जात नाही.

यात दोष एकट्या आशाताईंचा नाही. वय झाले की माणसाचे कामजीवन संपते, ही समजूत घरात आहे, समाजात आहे आणि दवाखान्यातही आहे. डॉक्टर, परिचारिका, वॉर्डबॉय, औषध दुकानदार हे सारे याच समाजातून येतात आणि हीच समजूत सोबत आणतात. आपल्या समाजातील अनेक मुली-मुले आज परिचारिका, आशा, डॉक्टर, प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून काम करीत आहेत. त्यामुळे हा विषय रुग्ण म्हणून आपला आहे, तसाच सेवा देणारे म्हणूनही आपला आहे.

नोंदवहीतून गायब झालेली माणसे

आपल्या आरोग्य यंत्रणेने लैंगिक आरोग्याचा विचार मुख्यतः पाळणा आणि पाळणा लांबवणे या दोन टोकांमध्येच केला. पात्र जोडप्यांची नोंद होते ती पत्नीचे वय १५ ते ४९ असेपर्यंत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण स्त्रियांना ४९ आणि पुरुषांना ५४ वर्षांपर्यंत प्रश्न विचारते. त्यानंतर माणूस या नोंदीतून बाहेर पडतो. पुढे तो दवाखान्यात येतो तो रक्तदाब, साखर, गुडघे आणि मोतीबिंदू घेऊन.

२०११च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील लोक दहा कोटींहून अधिक होते. एवढ्या माणसांच्या आयुष्याचा एक भाग जणू अस्तित्वातच नाही असे समजून कारभार चालतो.

अभ्यास काय सांगतात?

अमेरिकेत ५७ ते ८५ या वयातील सुमारे तीन हजार स्त्री-पुरुषांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ५७ ते ६४ या गटातील ७३ टक्के, ६५ ते ७४ या गटातील ५३ टक्के आणि ७५ ते ८५ या गटातील २६ टक्के लोकांनी आपले लैंगिक जीवन चालू असल्याचे सांगितले. त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना त्याबाबत काही ना काही त्रास होता. पण पन्नाशीनंतर या विषयावर डॉक्टरांशी एकदा तरी बोलणे झाले होते ते फक्त ३८ टक्के पुरुषांचे आणि २२ टक्के स्त्रियांचे. हे आकडे अमेरिकेचे आहेत, ते जसेच्या तसे आपल्याला लागू करता येत नाहीत. परंतु 'म्हातारपणी काही नसते' ही समजूत निसर्गनियम नाही, एवढे त्यातून नक्की कळते.

इंग्लंडमध्ये २००४ च्या सुमारास झालेल्या अभ्यासांत डॉक्टरांना आणि परिचारिकांना विचारले गेले, की तुम्ही वयस्कर रुग्णांशी या विषयावर बोलता का? बहुतेकांनी सांगितले की आपण होऊन ते हा विषय काढत नाहीत. वेळ कमी असतो, प्रशिक्षण नसते, रुग्णाला राग येईल अशी भीती वाटते, आणि एकदा विषय निघाला तर तो हाताळता येणार नाही असेही वाटते. दुसरीकडे रुग्ण म्हणतात, महत्त्वाचे असते तर डॉक्टरांनी विचारले असते! दोघेही एकमेकांची वाट पाहतात आणि तपासणीची वेळ संपते.

आशादायक गोष्टही आहे. १९८२ मध्ये चार्ल्स व्हाइट या अमेरिकन संशोधकाने वृद्धांच्या लैंगिकतेविषयीचे ज्ञान आणि दृष्टिकोन मोजणारी एक प्रश्नावली तयार केली. तिच्या आधारे वृद्ध, त्यांचे कुटुंबीय आणि त्यांची सेवा करणारे कर्मचारी अशा तिन्ही गटांना शिक्षण देऊन पाहिले, तेव्हा ज्ञान वाढले आणि दृष्टिकोनही अधिक समजूतदार झाला. म्हणजे ही अढी शिक्षणाने सुटू शकते.

आपल्याकडचा अभ्यासक्रम आणि आपल्याकडची खोली

आपल्या वैद्यकीय शिक्षणात लैंगिकतेचा विषय फार काळ गुन्ह्याच्या अंगानेच शिकवला गेला. न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत 'कौमार्याची लक्षणे' हा भाग वर्षानुवर्षे होता. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी हा भाग अशास्त्रीय असल्याचे दाखवून पाठपुरावा केला आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने २०१९ मध्ये तो अभ्यासक्रमातून काढला. जिथे तरुण स्त्रीच्या शरीराविषयीच इतके गैरसमज पुस्तकात छापलेले होते, तिथे सत्तरीच्या जोडप्याशी कसे बोलावे हे विद्यार्थ्याला कोण शिकवणार?

मग सव्वीस वर्षांचा नवा डॉक्टर आणि त्याच्या आजीच्या वयाची रुग्ण समोरासमोर येतात. ती म्हणते, "अंगावरून जातंय," "अंग बाहेर येतंय," "लघवीच्या जागी आग होते." म्हातारा म्हणतो, "कमजोरी आलीय डॉक्टर, ताकदीची गोळी द्या." हे शब्द ऐकून पुढचा एक प्रश्न विचारला तर खरे दुखणे कळते. तो प्रश्न न विचारता ताकदीच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या जातात.

आपल्या माणसांच्या बाबतीत यात आणखी एक थर आहे. गरीब, दलित स्त्री ओपीडीत आली की तिच्याशी एकेरीत बोलणे, तिचे ऐकून न घेणे, 'यांच्यात असेच असते' असा शेरा मारणे, हे अनेकींनी सोसलेले आहे. जिथे साध्या तापासाठी गेल्यावर मान मिळत नाही, तिथे ती मनातली सर्वांत नाजूक गोष्ट कशी बोलणार?

आणि घर? मुंबईच्या बी.डी.डी. चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. तीन पिढ्या त्याच खोलीत वाढल्या. कितीतरी जोडप्यांचे सहजीवन पडद्याआड, दबक्या आवाजात आणि मुले मोठी झाल्यावर जवळजवळ बंदच झाले. सून आली की सासू स्वयंपाकाच्या कट्ट्याजवळ आणि सासरा बाहेर व्हरांड्यात झोपतो. याला आपण 'वय झाले' असे म्हणतो. पण त्यात वयाचा वाटा किती आणि जागेच्या टंचाईचा किती, याचा विचार करायला हवा.

मौनाची किंमत

हा प्रश्न केवळ सुखाचा असता तरी तो महत्त्वाचाच होता. पण न बोलण्याने जीवही जाऊ शकतो. म्हणून पुढील गोष्टी प्रत्येकाने जाणून घ्याव्यात.

पुरुषांमध्ये ताठरता न येणे हे अनेकदा रक्तवाहिन्यांच्या आजाराचे लक्षण असते. लिंगातील रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे अडथळ्याचा परिणाम तिथे आधी दिसतो, हृदयविकाराचा त्रास काही वर्षांनी होतो. मधुमेहातही ही तक्रार फार आढळते. म्हणजे ज्या तक्रारीला आपण 'लाजेची गोष्ट' म्हणून दाबतो, ती हृदयाची आगाऊ सूचना असू शकते. अशा वेळी साखर, रक्तदाब, चरबी आणि हृदय तपासून घ्यावे.

रक्तदाबाची काही औषधे आणि नैराश्यावरची काही औषधे यांनीही इच्छा किंवा ताठरता कमी होते. हे कोणी समजावून सांगितलेले नसते. मग माणूस गुपचूप गोळी बंद करतो, रक्तदाब वाढतो आणि एके दिवशी अर्धांगवायूचा झटका येतो. डॉक्टरांना सांगितले असते तर बहुतेक वेळा औषध बदलून देता आले असते. गोळी स्वतःहून बंद करू नये, हे पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते.

दवाखान्यात उत्तर मिळाले नाही की माणूस भिंतीवरच्या 'गुप्तरोग तज्ज्ञा'च्या जाहिरातीकडे वळतो, किंवा दुकानातून चिठ्ठीशिवाय सिल्डेनाफिलची गोळी घेतो. ही गोळी योग्य रुग्णाला डॉक्टरांच्या सल्ल्याने दिली तर उपयोगी आहे. पण छातीतल्या दुखण्यासाठी जो जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवतो किंवा नायट्रेटची इतर औषधे घेतो, त्याने ती घेतली तर रक्तदाब एकदम कोसळून मृत्यू येऊ शकतो.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर 'जड उचलू नका, मीठ कमी खा' असे सांगून रुग्णाला घरी पाठवतात. पती-पत्नींनी जवळ यावे की नाही, हे कोणी सांगत नाही. दोघेही भीतीने दूर होतात. सर्वसाधारणपणे दोन जिने न दमता, छातीत न दुखता चढता येत असतील तर शरीरसंबंधाचा ताण हृदयाला झेपतो. तरीही आपापल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

स्त्रियांमध्ये पाळी गेल्यावर योनीमार्ग कोरडा व नाजूक होतो. संबंधाच्या वेळी दुखते, आग होते, लघवीचा जंतुसंसर्ग वारंवार होतो. यावर पाण्यावर आधारित वंगण आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने लावायचे इस्ट्रोजेनचे मलम असे साधे उपाय आहेत. खोबरेल तेल निरोधबरोबर वापरू नये, तेलाने रबर फाटते. आणि पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर एकदा जरी रक्त दिसले, तरी ते 'पाळी परत आली' म्हणून सोडून देऊ नये. तो कर्करोग नसेलही, पण तपासणी झालीच पाहिजे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्यांत आपल्या वस्त्यांमधल्या आयाबहिणीही आहेत. ऐन तिशी-चाळिशीत पिशवी काढली. सोबत अंडाशयही काढले असतील तर पाळी जाण्याचे सारे परिणाम एकदम अंगावर येतात: हाडे ठिसूळ होणे, कोरडेपणा, झोप न येणे, चिडचिड. याची कल्पना शस्त्रक्रियेआधी कितीजणींना दिली गेली? 'पिशवी काढली, आता बाई संपली' हा समज खोटा आहे. गर्भाशय काढल्याने पत्नीपण संपत नाही. मात्र त्रासावर उपचार मिळायला हवेत.

वय पाहून एचआयव्ही किंवा गरमीची तपासणी सुचवलीच जात नाही, म्हणून साठीतल्या रुग्णाचे निदान उशिरा होण्याचा धोका असतो. तपासणी करताना रुग्णाची संमती आणि गुप्तता राखणे २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बंधनकारक आहे. रुग्णाचे वय कितीही असले तरी त्यात सूट नाही.

काही वेळा वयस्कर माणूस एकाएकी लाज सोडून वागू लागतो, नको तिथे हात लावतो, नको ते बोलतो. घरचे म्हणतात, म्हाताऱ्याला चळ लागला. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत मेंदूचा ताबा सुटल्याने असे होते. कंपवातावरच्या काही औषधांनीही कामेच्छा अनावर वाढू शकते. हा स्वभाव बिघडल्याचा प्रश्न नसून उपचाराचा प्रश्न असू शकतो. सेवा करणाऱ्या सुनेचे, परिचारिकेचे संरक्षण झालेच पाहिजे, त्याचबरोबर त्या माणसाला डॉक्टरकडेही नेले पाहिजे.

शेवटी, 'या वयात काही नसते' असे धरून चालल्याने आणखी एक गोष्ट दडते, ती म्हणजे जबरदस्ती. नको असताना नवऱ्याची बळजबरी सोसणारी साठीची स्त्री कोणाला सांगणार? तिला कोणी विचारतच नाही. वयस्कर स्त्रीला हवे म्हणण्याचा अधिकार आहे, तसाच नको म्हणण्याचाही आहे.

धम्माची दृष्टी आणि बाबासाहेबांचा वारसा

हा विषय आपल्या मासिकात कशाला, असे काही उपासक-उपासिकांना वाटेल. तिसरे शील कामातील मिथ्याचारापासून दूर राहायला सांगते. गृहस्थाने पती-पत्नीतील प्रेम सोडावे असे ते सांगत नाही. फसवणूक, बळजबरी, दुसऱ्याला दुःख देणारे वर्तन त्याला वर्ज्य आहे.

पाली साहित्यात नकुलपिता आणि नकुलमाता हे वृद्ध जोडपे भेटते. परस्परांवरील विश्वासामुळे ते उपासकांमध्ये आदर्श ठरले. नकुलपिता गंभीर आजारी पडला तेव्हा नकुलमातेने त्याच्या मनातली एकेक काळजी दूर केली आणि तो बरा झाला, अशी कथा आहे. त्याच कथेत या दोघांनी गृहस्थ असून सोळा वर्षे ब्रह्मचर्य पाळल्याचाही उल्लेख आहे. तो निर्णय त्या दोघांचा होता. मुलगा, सून, शेजारी किंवा वैद्य यांनी तो त्यांच्यावर लादलेला नव्हता. कोणी जवळीक ठेवील, कोणी संयम ठेवील, कोणाला केवळ हातात हात पुरेल. ठरवायचे ते त्या दोघांनी.

र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ मध्ये त्यांची बाजू न्यायालयात मांडली ती बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. लोकांना शंका असतील तर त्यांना शास्त्रीय उत्तर मिळालेच पाहिजे, लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही त्यांची भूमिका होती. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब कोणत्या बाजूला उभे होते हे आपण विसरू नये.

उतारवयातील सोबतीबद्दलही तसेच. बाबासाहेबांनी १५ एप्रिल १९४८ रोजी, वयाची ५७ वर्षे पूर्ण झाल्यावर, डॉ. शारदा कबीर म्हणजे माईसाहेब यांच्याशी विवाह केला. आजारपणात सोबतीची आणि शुश्रूषेची गरज त्यांनी लपवली नाही. आज आपल्याच वस्तीतील विधुर किंवा विधवेने साठीत पुन्हा लग्नाचा विचार केला तर आपण हसतो. हसण्याआधी हे आठवावे.

काय करता येईल?

आरोग्य कर्मचाऱ्यांनी. आधी परवानगी मागावी. जॅक अॅनन या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये सांगितलेली पद्धत सोपी आहे: प्रथम बोलण्याची मुभा द्या, मग थोडी माहिती द्या, मग नेमका उपाय सुचवा, आणि गरज असेल त्यालाच तज्ज्ञाकडे पाठवा. बहुतेकांचे काम पहिल्या दोन पायऱ्यांवरच होते. प्रश्न असा विचारता येईल: "आजी, साखरेच्या आजारात पुष्कळ जणांना नवरा-बायकोच्या संबंधात त्रास होतो. तुम्हाला तसे काही विचारायचे आहे का? नसेल तर राहू द्या." सून-मुलाला दोन मिनिटे बाहेर थांबायला सांगावे. 'अहोजाहो' करावे. हसू नये, दचकू नये. रुग्ण विधवा, विधुर, एकटा किंवा समलिंगी असू शकतो हे ध्यानात ठेवून, उत्तर आधीच गृहीत धरू नये.

रुग्णांनी. सर्व औषधांची पाकिटे सोबत न्यावीत. बोलायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात द्यावे. स्त्रियांनी स्त्री डॉक्टरची किंवा परिचारिकेची मागणी करायला हरकत नाही. एकाने हसण्यावारी नेले तर दुसऱ्याकडे जावे.

कुटुंबाने. आईवडिलांना आठवड्यातून काही तास घर मोकळे मिळेल असे पाहावे. त्यांना वेगवेगळ्या मुलांकडे वाटून देऊ नये. 'आई धाकट्याकडे, बाबा थोरल्याकडे' ही वाटणी सोयीची असेल, पण ती एका संसाराची फाळणी असते.

वृद्धाश्रम चालवणाऱ्यांनी. पती-पत्नींना एकत्र खोली द्यावी, दार ठोठावून आत जावे.

विहार आणि मंडळांनी. वर्षावासाच्या प्रवचनमालेत किंवा १४ एप्रिलच्या आरोग्य शिबिरात एक तास या विषयाला द्यावा. महिला मंडळात स्त्री डॉक्टर, ज्येष्ठांच्या कट्ट्यावर पुरुष डॉक्टर बोलवावा, आणि प्रश्न नाव न लिहिता चिठ्ठीने घ्यावेत. किती चिठ्ठ्या येतात ते पाहा.

ज्येष्ठांना मदतीसाठी एल्डरलाइन १४५६७ आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६ हे शासनाचे विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहेत. ते विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. वस्तीतल्या आशाताई पुढच्या वेळी फॉर्म घेऊन येतील तेव्हा घरातल्या आजीसाठी खुर्ची आत ठेवा, आणि बाकीच्यांनी थोडा वेळ बाहेर बसा.